सरणाचं लाकूड

डोंगरातल्या एका संस्थानात अशी थंडी पडायची, की सकाळी रांजणातलं पाणी फोडून घ्यावं लागे. राजेसाहेबांनी गोरगरिबांसाठी लाकडाची वखार भरून ठेवली होती. पण किल्ली होती कारभारी त्रिंबकपंतांच्या कमरेला. पंतांचा नियम एकच: मेलेल्या गरिबाला सरणाचं लाकूड फुकट, जिवंताला ढलपीसुद्धा नाही. "जिवंत माणूस फुकटानं आळशी होतो," असं ते म्हणत.

त्या पौषात म्हातारा येसू बुरूड वखारीवरून रिकाम्या हातानं परतला आणि पहाटे गारठून मेला. दुपारी त्याच्या सरणाला गाडीभर लाकूड आलं. दुसऱ्या दिवशी पंत दरबारात ते पुण्य मिरवत होते, तोच येसूची शेजारीण ठकूबाई पुढं आली.

"सरकार, माझ्या सरणाचं लाकूड आजच द्या."

पंत हसले. "आधी मर तर खरी!"

"मरतेच आहे की. येसूला लाकूड मिळालं, पण एक दिवस उशिरा. मला एक हिवाळा आधी द्या. गाडी तेवढीच लागेल, सरकारचं जास्त काही जायचं नाही."

पंत चिडले. "आणि ते चुलीत घालून संपवलंस, तर मेल्यावर तुला जाळायचं कशानं?"

"पुरून टाका मला, पंत. मेल्यावर थंडी वाजत नाही."

राजेसाहेबांनी किल्लीसाठी हात पुढं केला. वखार लगेच उघडली. येसूची राख तेव्हा अजून कोमट होती.