पहिला मोदक

मी फ्रेंचच्या वर्गाचा अर्ज भरला, तेव्हा बापूकाकांनी तो फाडला. "ही भाषा बोलायला घरात आहे कोण?"

मी हट्टाने शिकलेच. यंदा गणपतीला त्यांची फ्रान्समध्ये वाढलेली नात ओवी आली. आमच्याकडे पहिला मोदक थोरल्याने धाकट्याच्या पानात वाढायचा. काकांनी तो ओवीला वाढला. ती फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली आणि तिने पान त्यांच्याकडे सरकवलं. तिचे आईबाबा स्वयंपाकघरात होते.

काकांचा चेहरा उतरला. "विचार गं तिला, माझ्या हातचा का नको?"

"कशी विचारू, काका? ही भाषा बोलायला घरात आहे कोण?"

पंगत खदखदून हसली. काका न जेवताच उठले.

ओवी म्हणाली होती, "आधी आजोबांनी खायचा." तेवढं सांगण्यासाठीच तर मी फ्रेंच शिकले होते.