उचललेला पेला

"मग आधी पाऊल मागे घ्यायचं कोणी, आचार्य?"

जपानचा राजदूत हिरोसे तावातावाने विचारत होता. चीनच्या डोंगरातला हा मठ त्याला नवा नव्हता. तरुणपणी इथेच हुइयान आचार्यांच्या पायाशी बसून तो शिकला होता. आता खाली खोऱ्यात त्याच्याच देशाची फौज तळ ठोकून बसली होती, आणि ती मागे घेण्यासाठी उद्या दोन्ही देशांची बैठक होती.

आचार्यांनी दोघांसाठी चहा ओतला.

"तुमचे लोक म्हणतात, आधी फौज हलवा, मग बोलू. आमचे सेनापती म्हणतात, आधी शांततेची हमी द्या, मग हलवू. खोऱ्यात तुमचा शब्द कोणी मोडत नाही. उद्या एवढंच म्हणा, की तह होईपर्यंत फौज पाहुणी म्हणून राहू दे. तुमच्या मठाला धक्का लागणार नाही, ती जबाबदारी माझी."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर... माझ्या हातात काही उरणार नाही."

वा रे शिष्य! गुरूलाच धमकी, तीही अशा मऊ आवाजात.

आचार्यांनी समोरचा चहाचा पेला दोन्ही हातांनी उचलला आणि तसाच धरून ठेवला.

हिरोसेचा चेहरा उतरला. यजमानाने पेला उचलला की पाहुण्याने निमूट उठायचं, बोलणं कितीही रंगात आलेलं असो, ही तिथली जुनी रीत. आचार्यांनीच ती त्याला शिकवली होती.

तो उठला नाही.

"आपलं बोलणं अजून संपलेलं नाही."

पेला खाली आला नाही. भरलेल्या पेल्यातला गरम चहा म्हाताऱ्याच्या बोटांवर सांडत होता.

"असं काय करता, आचार्य? जातो ना मी. पण आधी शब्द द्या, की मी गेल्यावर दार लावून घेणार नाही. मग लगेच..."

हिरोसे मध्येच थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.



शेवटी तो उठला. उंबऱ्याशी जाऊन वळला. आता त्याचा आवाज राजदूताचा राहिला नव्हता.

"आचार्य, ते मठ जाळतील हो."

"जाळू देत," आचार्य म्हणाले. "पाहुणे म्हणून मात्र त्यांना तो जाळता येणार नाही."