क्रौंचाची हरवलेली साद

एका राज्यात वारा वाहायचा थांबला होता. राजा हेमकेतूने उत्तरेकडून आलेल्या क्रौंचांच्या म्होरक्याला बाण मारून त्याचा पंख मोडला, तोच तळ्याचा मांत्रिक पाण्यातून वर आला आणि म्हणाला, "हा पक्षी थव्यात परत जाईपर्यंत तुझ्या राज्यात पान हलणार नाही."

तसेच झाले. वाऱ्यावाचून उफणणी होईना. खळ्याखळ्यांवर ज्वारी भुसासकट पडून राहिली, पोरेबाळे उपाशी निजू लागली. थवा चैत्री पौर्णिमेला परत फिरणार होता. तो गेला की पुढचे सारे वर्ष असेच जाणार.

राजाने अंबुजेला बोलावले. पाखरांची हाडे सांधण्यात तिचे आयुष्य गेले होते. तिने पंख चाचपून पाहिला.

"तीन कामे आहेत, महाराज. हाड सांधणे, पंखात बळ आणणे आणि पाखराला पाखरूच राहू देणे. तिसरे अवघड."

"त्यात काय अवघड?"

"माणसे मध्ये येतात."

तिने बांबूच्या कामट्यांनी पंख बांधला. एकवीस दिवसांत हाड सांधले. मग लांब पडवीला जाळी लावून तिने क्रौंचाला या टोकाकडून त्या टोकाला उडवले, रोज थोडे अधिक. दाणा टाकताना ती अंगावर घोंगडी घेई आणि तोंडातून शब्द काढत नसे. कारण त्या राज्यातली पाखरे माणसांची बोली चटकन उचलत, आणि बोलू लागलेले पाखरू थव्याची साद विसरे.

एका सकाळी क्रौंच म्हणाला, "बाई, महाराज आले नाहीत अजून? हरभरे भिजवलेत ना?"

अंबुजेने कपाळाला हात लावला. ती जेवायला गेली की राजा चोरून येई, हातावरून हरभरे भरवी आणि क्षमा मागे.

"तुमची क्षमा त्याला कळली नाही, महाराज. हरभरे मात्र कळले."

राजाने मान खाली घातली. "आता उपाय?"

"त्याला हाकला. तो तुम्हाला भ्यायला हवा."

पौर्णिमेच्या सकाळी थवा वरून जाऊ लागला. अंबुजेने जाळी उघडली. क्रौंच तडक राजाकडे धावला. "महाराज, हरभरे?"

राजाने हातातली ढाल बडवली. क्रौंच थबकला.

राजाने दुसऱ्यांदा बडवली. "महाराज, मी आहे मी!" क्रौंच म्हणाला.

राजाने ढाल खाली ठेवली.

"थांबू नका!" अंबुजा कडाडली.

तेव्हा राजाने मुकुट फेकला आणि शेतातला राखण्या धावतो तसा हात उडवत, "हाऽ! हुर्रऽ!" ओरडत तो पाखरावर धावून गेला. क्रौंचाने चोच उघडली. शब्द आला नाही. आली ती लांब, खणखणीत साद. वरून उत्तर आले. चार पावले धावून तो उडाला आणि रांगेच्या टोकाला जाऊन लागला.

"एकदाही मागे पाहिले नाही," राजा डोळे पुसत म्हणाला.

"मग काम चोख झाले," अंबुजा म्हणाली.

पिंपळ सळसळला. खळ्याखळ्यांवर माणसे सुपे घेऊन उभी राहिली. भूस उडून गेला, दाणा पायाशी पडला. संध्याकाळी घरोघर भाकरी थापल्या गेल्या. तशा त्या तुमच्याआमच्या घरीही रोज थापल्या जावोत.