पाहुणचार अंगावर घेणारा बेडूक

पूर्वी शंखवेला नावाच्या बंदरात राजा स्वागतसेन राज्य करत असताना बोधिसत्त्व एका टोपलीत राहत होते. त्या जन्मी ते बेडूक होते.

टोपली जायफळाच्या रोपाची होती. पूर्वेकडच्या एका बेटावर, त्याच झाडांच्या सावलीत, बोधिसत्त्व लहानाचे मोठे झाले होते. बेटाच्या राजाने स्वागतसेनाला भेट म्हणून पाच रोपं मातीसकट काढली, मुळांभोवती काथ्या गुंडाळला, वेताच्या टोपल्यांत बसवून जहाजावर चढवली. त्या वेळी बोधिसत्त्व मातीखाली झोपलेले होते. जाग आली तेव्हा किनारा दिसेनासा झाला होता. त्यांनी वर येऊन समुद्राकडे पाहिलं आणि पुन्हा मातीत गेले. उगाच आरडाओरडा करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

प्रवास वाईट झाला. जहाजाच्या पोटात अंधार, आणि वर काढलं की खारा वारा. शंखवेलेला पोचेपर्यंत रोपांची खालची पानं पिवळी पडली होती आणि वरची लोंबत होती. पण ती पोचली होती. इथून पुढे त्यांना कोणी त्रास दिला नसता तर ही गोष्ट घडलीच नसती.

शंखवेला पाहुणचारासाठी प्रसिद्ध होती. समुद्रापलीकडून कोणीही आलं की त्याला दुधाने आंघोळ घालायचे, तेलाने रगडायचे, तुपात बुडवलेला गोड भात खायला घालायचे आणि भर दुपारी हत्तीवरून मिरवायचे. दुपारी अशासाठी की सगळ्यांना नीट दिसावं. मिरवणुकीनंतर राजाचं भाषण. पाहुणा दमलाय का, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. तो हो म्हणाला तर सगळा बेत बिघडला असता.

या सगळ्याची व्यवस्था अतिथिपाल बघायचा. त्याचं नाव उत्पलक. त्याच्या पदाला एक नियम जोडलेला होता. पाहुणा नगरात असताना मेला, तर अतिथिपालाने त्याच्यासोबत जायचं, म्हणजे पाहुण्याला वाटेत एकटं वाटत नाही. असं पूर्वी एकदाच घडलं होतं. उत्पलकाची जागा तेव्हाच रिकामी झाली होती.

टोपल्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा राजा स्वतः हजर होता.

"समुद्रापलीकडून आलेत ना?" त्याने विचारलं.

"हो, महाराज. पण झाडं आहेत," उत्पलक म्हणाला.

"मग काय झालं? आपण भेदभाव करत नाही."

त्यामुळे रोपांना दुधाने आंघोळ घातली गेली. पानांना तेल चोळलं गेलं. बुडाशी गोड भात घातला गेला. मग हत्तीवरून, ढोल वाजवत, उन्हातून, सगळं गाव. भाषणात राजाने रोपांच्या घराण्याची स्तुती केली. संध्याकाळपर्यंत निम्मी पानं गळाली आणि भाताला मुंग्या लागल्या.

"पाहुणे उदास दिसतात," राजा म्हणाला. "आपलंच काहीतरी कमी पडलं. उद्या पुन्हा करा. आणि बासरीवाले वाढवा."

दुसऱ्या दिवशी बासरीवाले वाढले आणि पानं आणखी कमी झाली. राजाने उत्पलकाला जवळ बोलावलं. आवाज प्रेमळ होता. "काही बरंवाईट झालं तर नियम तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे, महाराज. अतिथिगृहाच्या दारावरच कोरलाय. रोज वाचतो."

त्या संध्याकाळी उत्पलकाची बायको चंपिका जेवण घेऊन अतिथिगृहात आली. नवरा टोपल्यांसमोर डोकं धरून बसला होता. तिने रोपांकडे पाहिलं, तुपकट माती पाहिली, आणि डबा खाली ठेवला.

"अहो, मी लग्न करून आले तेव्हा तुमच्या आईने मला पहिल्याच दिवशी सगळ्या गल्लीच्या पाया पडायला लावलं होतं. वर जेवताना चौघी जणी वाढायला. मला घास गिळवेना. आठवतं का?"

"आठवतं. किती वाळली होतीस. मग बरी कशी झालीस?"

"तुमची आई तीर्थयात्रेला गेली."

"बाई बरोबर बोलतायत," टोपलीतून आवाज आला.

त्या काळी बेडूक बोलला तर लोकांना नवल वाटत नसे. बेडकाचं कोणी ऐकून घेतलं, तर मात्र वाटे. उत्पलकाने ऐकून घेतलं, कारण त्याच्याकडे दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

"तू कोण रे?"

"या झाडांच्या गावचा. त्यांच्याबरोबरच आलो."

"मग तूच सांग. मेलीत का ही?"

"नखाने खोडाची साल जराशी खरवड."

उत्पलकाने खरवडलं. वरची तपकिरी साल सुटली आणि आत ओलं, हिरवं दिसलं. त्याने ते चंपिकेला दाखवलं. मग दुसऱ्या रोपाची साल खरवडली, तिथेही हिरवं. तो पाचही रोपांची खरवडून आला आणि खाली बसून रडला.

"जिवंत आहेत," बोधिसत्त्व म्हणाले. "पण काढताना मुळं तुटलीत. आहेत तेवढ्या पानांना पाणी पुरवायची त्यांच्यात ताकद नाही. म्हणून पानं टाकतायत. हे मरण नाही, काटकसर आहे."

"मग करू काय?"

"सावलीत ने, वारा लागणार नाही अशा जागी. वरची तुपाची माती काढ, पण मुळांना चिकटलेली हलवू नकोस. ती त्यांच्या घरची आहे. लोंबलेली पानं अर्धी काप. शेजारी ओलं फडकं टांग, हवेत ओल राहील. मातीत बोट घालून बघ, कोरडं लागलं तरच पाणी दे. खत नको. भात तर नकोच. आणि नवी पालवी येईपर्यंत कोणी काहीही करायचं नाही."

उत्पलकाने मोठा श्वास सोडला. "बाकी सगळं जमेल. शेवटचं कसं जमवू? आमच्या राजाला काही न करणं येत नाही."

बोधिसत्त्वांनी विचार केला. अतिथिगृहामागे एक विहीर होती. तिच्या कडेला शेवाळ होतं, आणि डासांचा आवाज इथपर्यंत येत होता. दोन उड्यांत तिथे पोचता आलं असतं, आणि मग जन्मभर कसली ददात नव्हती. पण मग ही झाडं गेली असती, आणि त्यांच्या मागोमाग हा माणूस.

ते म्हणाले, "राजाला सांग, टोपलीत सहावा पाहुणा आहे, आणि त्याचं स्वागत राहून गेलंय."

चंपिकेला लगेच कळलं. "अरे बाबा, तुझी कातडी कसली, आणि आमचं ऊन कसलं! पापड होईल तुझा."

"रोपांचा होण्यापेक्षा बरं."

सहाव्या पाहुण्याचं ऐकून राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दोन दिवस झाले नगरात आहेत आणि साधं पाणीही विचारलं नाही?" त्याने बेडकाची हात जोडून माफी मागितली आणि स्वागताची सगळी तयारी त्याच्याकडे वळवली.

बोधिसत्त्वांना दुधाने आंघोळ घातली गेली. त्यांना तेल चोळण्यात आलं. बेडूक कातडीनेही श्वास घेतो, हे तेल चोळणाऱ्यांना माहीत नव्हतं. बोधिसत्त्वांनी तक्रार केली नाही. गोड भात पुढे आला तेव्हा त्यांनी शिष्टाचार म्हणून त्यावरच्या मुंग्या खाल्ल्या. मग रेशमी उशीवर बसवून त्यांना हत्तीवर चढवलं. ऊन असं की हत्तीही पाय उचलून उचलून टाकत होता. कोणीतरी मोगऱ्याचा हार फेकला, तो त्यांच्यावर पडला आणि कोपरा वळेपर्यंत सावली मिळाली. भाषणभर ते जागचे हलले नाहीत. लोक म्हणाले, असा पाहुणा झाला नाही.

म्हणून राजाने दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वागत केलं. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

"ते पाच जण कुठे असतात?" राजा मध्येच विचारायचा.

"आराम करतात, महाराज."

"त्यांना वाईट तर वाटत नाही ना, आपण यांचंच करतो म्हणून?"

"वाटतं. पण सोसतात बिचारे."

बिचारे मागच्या पडवीत सावलीत होते. चंपिका फडकं ओलं करायची, मातीत बोट घालायची आणि बाकी वेळ दारात सूप घेऊन बसायची. शेजारणी पाहुण्यांसाठी लाडू घेऊन यायच्या, कोणी शेणखत आणायचं. "तुमच्या जावयाला घाला," असं म्हणून ती दोन्ही परत पाठवायची.

संध्याकाळी उत्पलक बोधिसत्त्वांना ओल्या मातीत ठेवायचा. सकाळी ते बाहेर यायचे, पण कालच्यापेक्षा जरा सुकलेले.

असं करता करता चंद्र अर्ध्याचा पूर्ण झाला. एका सकाळी चंपिकेला एका फांदीच्या टोकावर सुईच्या अग्राएवढा तांबूस कोंब दिसला. तिने श्वास रोखून पाहिलं. शेजारच्या रोपालाही होता. ती उत्पलकाला सांगायला धावली, पण तो मिरवणुकीत होता. तो परतला तेव्हा त्याच्याबरोबर माहूत होता, आणि माहुताच्या ओंजळीत बोधिसत्त्व होते.

"भाषण चालू असताना झोपले," माहूत म्हणाला.

"सगळेच झोपतात," उत्पलक म्हणाला.

"हे उठत नाहीत."

बेडकाची कातडी चिंचेच्या टरफलासारखी झाली होती. उत्पलक ओरडला, "दूध आणा! वैद्याला बोलवा! पंखेवाले! बासरीवाले!" आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. पळापळ सुरू झाली, आणि तेवढ्यात त्याची नजर पडवीतल्या रोपांवर गेली.

"थांबा," तो म्हणाला. "काही आणू नका. सगळे बाहेर व्हा."

त्याने बोधिसत्त्वांना टोपलीतल्या, बेटावरून आलेल्या मातीत ठेवलं. वर ओलं फडकं धरलं. मग बाजूला बसला आणि हात काखेत घट्ट दाबून धरले, कारण मोकळे सोडले असते तर त्यांनी काहीतरी केलं असतं.

कोंबांची बातमी राजापर्यंत पोचली होती. तो धावतच आला. मागे हत्ती होता.

"पालवी फुटली! पाहुणे खुलले! पाचांना वर चढवा! आणि बेडूकमहाराजांची तब्येत बरी नाही म्हणे? त्यांना दुप्पट दूध!"

उत्पलक उठून दारात आडवा उभा राहिला. "आत जाता येणार नाही, महाराज."

हत्तीसुद्धा थांबला. शंखवेलेत राजाला स्वागतापासून कोणी अडवलं नव्हतं, त्यामुळे त्याला शिक्षा काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. राजाचा हात तलवारीकडे गेला.

"महाराज," उत्पलक म्हणाला, "आधी माझं स्वागत करा."

"तुझं? तू तर घरचा."

"मी नदीपलीकडून आलोय, मामाच्या गावाहून. आलो त्याच दिवशी कामाला लावलंत. मला कोणी दूध विचारलं नाही, भात विचारला नाही. रोज दुसऱ्यांना हत्तीवर चढवतो. मी कधी चढलो नाही."

राजाचा हात तलवारीवरून सुटला. त्याचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं! आणि एका शब्दाने बोलला नाहीस?" पुरोहित म्हणाला, नियम समुद्रापलीकडच्यांसाठी आहे. "नदी कुठे जाते?" राजाने विचारलं, आणि तो प्रश्न मिटला.

उत्पलकाला दुधाने आंघोळ घातली. तेलाने रगडलं. गोड भात पोट फुटेस्तोवर भरवला. मग हत्ती, ऊन, ढोल, भाषण. चंपिका खिडकीतून बघत होती. "एकदा कळू दे," ती म्हणाली, आणि तिने पडवीत एक चटई टाकून ठेवली.

तो परतला तेव्हा त्याची पाठ भाजली होती, डोकं ठणकत होतं आणि ढेकर तुपाचे येत होते. चंपिकेने काही विचारलं नाही. हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि निघून गेली. तो सावलीत पडून राहिला. बऱ्याच वेळाने शेजारची माती हलली.

"कसं झालं स्वागत?" बोधिसत्त्वांनी विचारलं.

"भाषण लांब होतं," उत्पलक म्हणाला.

पुढे रोपांना आधी सकाळचं कोवळं ऊन दाखवलं, मग हळूहळू जास्त. पानं भरल्यावर त्यांना घरच्या मातीसकट जमिनीत लावलं, आणि त्यांची मोठी झाडं झाली. राजाने बेडकाला मंत्रिपद देऊ केलं. बोधिसत्त्वांनी त्याऐवजी झाडाखालची ओली जागा मागितली, तिथेच आयुष्य काढलं आणि आपल्या कर्मानुसार पुढच्या जन्माला गेले. शंखवेलेत मात्र तेव्हापासून पद्धत पडली. जहाजातून रोप आलं की ते गुपचूप सावलीत न्यायचं आणि त्याच्याऐवजी एका नागरिकाचं स्वागत करायचं. नाव चिठ्ठ्या टाकून काढायचे. लोक मानासाठी चिठ्ठ्या टाकतात, असं राजाला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भिक्खूंच्या गुरूंनी, विहारात सांगितली, त्याला कारण घडलं होतं. दूरच्या बेटावरून एक तरुण भिक्खू नवा आला होता. बाकीचे त्याला सकाळी नियम समजावत, दुपारी सूत्रं पाठ करून घेत, संध्याकाळी 'करमतं ना?' असं विचारत. त्याने जेवण सोडलं होतं आणि जहाजं कधी सुटतात याची चौकशी चालवली होती.

शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा स्वागतसेन म्हणजे तुम्ही सगळे. उत्पलक म्हणजे आपले भांडारपाल भिक्खू. चंपिका म्हणजे रोज दारात भिक्षा ठेवून न बोलता जाणारी ती उपासिका. ती रोपं म्हणजे हा कोपऱ्यातला मुलगा. आणि बेडूक मीच होतो."

भिक्खूंना फार वाईट वाटलं. ते सगळे एकदम उठले आणि माफी मागायला त्या मुलाकडे निघाले.

"बसा," शास्ते म्हणाले.

ते बसले. ऊन पायरीवरून खाली सरकलं. मग तो मुलगा आपणहून उठला, माठातलं पाणी प्यायला आणि झाडू कुठे असतो असं विचारू लागला. एकाने नुसतं बोट दाखवलं.

याला क्षांती म्हणतात. आपले हात आवरायचे, आणि दुसऱ्याला मूळ धरू द्यायचं.