द्वारकीने दोर धरला

ही गोष्ट फार जुनी. तागाच्या दोरांनी रापण ओढायचे दिवस होते, तेव्हाची. कातळबंदरात द्वारकी नावाची बाई राहायची. गावात नाही हं, गावाबाहेर, खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, जिथे नुसता वारा आणि खेकडे. तिला लहानपणापासून दमा. सासरच्यांनी खोकला ऐकला आणि माहेरी आणून सोडली. माहेरच्यांनी खडपावर झोपडी बांधून दिली आणि हात झटकले.

रापण म्हणजे सगळ्या गावाचं काम. होडी समुद्रात जाळ्याचा वेढा टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर गाव मिळून ओढतं. म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे. फक्त द्वारकीला बंदी. का, तर खोकणाऱ्याने धरला की दोर बाटतो, मासळी निसटते, आणि मग अख्ख्या गावाने डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जाऊन आंघोळ करायची! हे कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं, देव जाणे. तिचा वाटा लांब एका दगडावर ठेवायचे, त्यामुळे ती उपाशी कधी राहिली नाही. पण गाव ‘हैसा’ म्हणत ओढू लागलं की तीही खडपावर एकटीच ‘हैसा’ म्हणायची, रिकाम्या मुठी आवळून. असं म्हणतात, तिचं देवाकडे एकच मागणं होतं: एकदा तरी चारचौघांत उभं राहून तो दोर धरायला मिळावा.

एका वर्षी आश्विनात समुद्राला काकवीचा रंग चढला. समुद्रावरून वारा आला की द्वारकीचा गळा आवळायचा, डोळे झोंबायचे. जमिनीकडून आला की श्वास मोकळा. दोन दिवस तिने हे ताडून पाहिलं. लाट फुटते, तिचे तुषार वाऱ्यात मिसळतात आणि त्यातून विष येतं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिच्या छातीनेच तिला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासळी गुंगी आल्यासारखी किनाऱ्याला लागली आणि गाव आनंदाने वेडं झालं. होडीचा म्होरक्या धाकू तांडेल, त्याने रापण टाकली. पोरं खोकत होती, बायांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी दोर सोडायला कोणी तयार नाही.

द्वारकी धापा टाकत खाली आली. “वारो इखारी आसा! पोरांका घेवन डोंगरार जावा!”

“तुझोच खोकलो लागलो आमका,” धाकू ओरडला. “मागे हो!”

तिने हात जोडले, पदर पसरला. कोणी ऐकेना. एवढ्यात एक लहान पोर श्वास लागून वाळूत बसलं. द्वारकीला कळून चुकलं की आपलं खरं ही माणसं मानणार नाहीत, पण आपला विटाळ मानतील. ती धावली, दोन्ही हातांनी दोर धरला आणि त्यावर पोटभर खोकली.

शंभर जणांचे हात एकदम सुटले. “बाटयलंस मेले, रापण बाटयलंस!” शिव्या घालत, पोरं काखोटीला मारून गाव डोंगराकडे निघालं.

किनाऱ्यावर द्वारकी एकटी उरली. जन्मभर मागितलेला दोर हातात होता आणि शेजारी धरायला कोणी नव्हतं. बाई रडली असेल. का नाही रडणार?

लोकांनी वरून मागे पाहिलं, तर किनाऱ्यावरचे कावळे उडता उडता पडत होते. मग कोणी खाली उतरलं नाही. तिला आणायलाही नाही. हे कातळबंदर आजही मान खाली घालून सांगतं.

असं म्हणतात, ती शंभर माणसांची रापण एकटी ओढत राहिली. तिचं ‘हैसा’ डोंगरापलीकडे तीन दिवस ऐकू येत होतं. चौथ्या दिवशी वारा फिरला, लोक उतरले, तेव्हा ती कुठेच नव्हती. दोर मात्र ताठ होता, पाण्यातून कोणी ओढून धरल्यासारखा. धाकूने दोर हातात घेतला आणि तो ढसाढसा रडला.

आजही तिथे रापण ओढण्याआधी गावातल्या दमेकऱ्याला मानाने बोलावतात. पहिला हात त्याचा. तो समुद्राकडे तोंड करून श्वास घेतो आणि गाव गप्प उभं राहतं. त्याला खोकला आला, तर मासळी कितीही असो, जाळं तिथेच टाकून सगळे डोंगर चढतात. आणि द्वारकीचं नाव घेऊन त्या दमेकऱ्याला पाठीवर घेतात, सगळ्यांत आधी.