येसू कासारीण आणि न दिसणारे हात

एकदा काय झालं, तळ्याकाठच्या एका गावात येसू नावाची कासारीण होती. बांगड्या भरायचा तिचा हात इतका हलका, की रडकी पोरगीसुद्धा हसत उठायची. पण तिला हळूहळू दिसेनासं झालं, बरं का. आधी सुईचं नेढं दिसेना, मग दारची तुळस, मग नवऱ्याचं तोंड. सांगायची लाज वाटली बिचारीला. "दिसतंय की!" म्हणत राहिली. आणि एका नवरीला हिरव्या चुड्याऐवजी तिनं काळ्या बांगड्या भरल्या. लग्नघरात काळ्या! बायकांनी कपाळाला हात लावले.

मग नवरा, दगडू, म्हणू लागला, "येसू, तू बस." चुलीपाशी गेली, तू बस. पाण्याला निघाली, तू बस. माया होती हो त्याची, पण जीव घुसमटवणारी. शेजारीण तर येसूच्या समोर दगडूला विचारायची, "हिला चहा देऊ का?" अगं बाई, तिचे डोळे गेले होते, कान नव्हते गेले! येसू भिंतीकडे तोंड करून रडायची.

मग एका दुपारी दारात पैंजण वाजले. तळ्यातली आसरा आली होती, पाण्यात राहणारी देवबाई. म्हणाली, "माझं लग्न आहे. चुडा भरा." दगडू बघतो तर काय, साडी दिसतेय, हसू दिसतंय, पण हातच दिसत नाहीत! त्यानं पहिली बांगडी धरली, ती वाढली. कासार बांगडी फुटली म्हणत नाहीत, बरं का, वाढली म्हणतात. मग दुसरी वाढली. तिसरीही वाढली. दगडू घामाघूम झाला.

आसरा म्हणाली, "माझे हात कुणालाच दिसत नाहीत. त्यात लाजायचं काय?"

येसू चमकली. मग सरकत पुढे आली. "बाई, मलाही दिसत नाही," ती म्हणाली. पहिल्यांदाच म्हणाली! "दे इकडे हात. आणि अहो, हिरव्या कुठल्या, तेवढं सांगा."

गारगार हात तिच्या हातात आला. येसूनं बोटं जुळवली, अंगठा आत दाबला आणि बांगडी सर्रकन मनगटात! सगळा चुडा भरला, एकही वाढली नाही.

"काय देऊ तुला?" आसरेनं विचारलं.

"डोळे दे."

"ते नाही गं माझ्या हातात," आसरा म्हणाली. मग तिनं येसूला पोटाशी धरलं आणि दोघी पोटभर रडल्या.

बाजाराच्या दिवशी येसू दगडूआधी दारात उभी. मग काय, रंग त्यानं सांगायचे, बांगड्या तिनं भरायच्या. तो मोरपंखीला निळी म्हणायचा, गिऱ्हाईक हसायचं आणि येसू त्याला चारचौघांत झापायची. कधी तिला रडू यायचं, तेव्हा तो नुसता जवळ बसायचा. अशी ती दोघं भांडत, हसत सुखानं नांदली. तुम्हीही आता मुकाट्यानं पांघरुणात शिरा बघू.