विरुद्ध बाजूचा वकील

एकदा एका समुद्रकाठच्या देशात लोकांनी एका नामवंत वकिलाला गळ घातली, की यंदा राष्ट्राध्यक्षपदासाठी आपणच उभे राहा. गृहस्थ मोठ्या कर्तृत्वाचे. अर्धे आयुष्य न्यायालय गाजवले आणि उरलेल्या अर्ध्यात जहाजांचे दोरखंड वळण्याचा कारखाना शून्यातून उभा केला. त्यांच्या हाताखाली एक शिष्या वकिली शिकत होती. गुरूंवर तिची इतकी भक्ती, की ते हरतील ही कल्पनाही तिला सोसवत नसे.

वकीलसाहेबांनी देशाला नव्या बंदराचे वचन दिले होते. प्रतिस्पर्ध्याचा त्याला कडाडून विरोध. मतदानापूर्वीची अखेरची सभा नेमकी त्याच किनाऱ्यावर, कोळ्यांच्या वस्तीत ठरली. शिष्येने आठवडाभर खपून भाषण लिहिले. बंदराचे फायदे ठासून भरले आणि अडचणींवर सफाईने पांघरूण घातले. वकिलाचाच हात तो, दुसरे काय करणार!

प्रतिस्पर्धी आधी बोलला. गर्जना पुष्कळ केल्या, पण धड मुद्दा एकही मांडला नाही. मैदान आपणच मारले, असे शिष्या मनोमन म्हणाली.

मग वकीलसाहेब उठले. तिचे कागद त्यांनी उघडलेसुद्धा नाहीत. बंदर झाले तर मासळी सुकवायची जागा जाईल, होड्या ओढायला वाळू उरणार नाही, आणि माझ्याच कारखान्याचा दोरखंड तिथे सर्वांत आधी खपेल, हे सारे त्यांनी वीस मिनिटे समजावून सांगितले. उरलेल्या दहा मिनिटांत म्हणाले, "तरीही मला बंदर हवे आहे, कारण तुमची मुले कामासाठी परमुलखात जातात. आता काय ते तुम्ही ठरवा."

सभा संपताच शिष्या रडकुंडीला येऊन म्हणाली, "साहेब, हातातोंडाशी आलेला घास घालवलात! आपल्याच पक्षकाराविरुद्ध बोलणाऱ्या वकिलाची सनद जाते, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं, आणि ते खरंच आहे," ते हसून म्हणाले. "न्यायालयात मी एकच बाजू मांडतो, कारण समोर दुसऱ्या बाजूचा वकील उभा असतो. राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीसमोर तो नसतो गं. तिथे मत देणारा माझा पक्षकार आणि न देणाराही माझाच. आज या कोळ्यांची बाजू त्यांच्यातर्फे बोलणाऱ्या माझ्या प्रतिस्पर्ध्याला मांडता आली नाही. मलाही ती मांडता येत नसेल, तर सनद तेव्हा जायला हवी."

"आणि हरलात तर?"

"हरलो तर हरलो. खटले काय कमी हरलोय?"

एवढ्यात एक वयस्क कोळीण गर्दीतून वाट काढत पुढे आली. "वकीलसाहेब, मत काय मी तुमाला देनार नाय," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पन तुमी निवडून आलात तर आता मला धास्ती नाय. फकस्त एक सांगायचं राह्यलं तुमचं. वारा उलटा फिरला म्हंजे आमच्या होड्या आत शिरायच्या कुठनं?"

हे वकीलसाहेबांना खरोखरच ठाऊक नव्हते.

शिष्येने डोळे पुसले आणि ती तिथेच वाळूत बसली. "मावशी, बसा," ती म्हणाली. "सगळं नीट सांगा, मी लिहून घेते."

मतमोजणीला अजून चार दिवस होते. शिष्येचा जीव मात्र आता निकालात अडकलेला नव्हता.